पाच इंच कमी

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. वय अठ्ठ्याहत्तर, तरी रोज सकाळी नऊच्या ठोक्याला दुकान उघडते. गिऱ्हाइकं तिला मास्तरीण म्हणतात, कारण कापड बेतणाऱ्याला आमच्या धंद्यात मास्तर म्हणतात आणि ती बाई आहे. घरी ती माझी ताई. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. काज करणं, हुक आणि बटणं लावणं, खालची दुमड हाताने शिवणं, ही कामं माझी. मला बोलायला सुचत नाही म्हणून ती मला लहानपणापासून मुक्या म्हणते. आजवर मी लिहिलं ते फक्त कपड्यांच्या पिशव्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांवर. तेव्हा हे लिहिताना काही पुढेमागे झालं तर सांभाळून घ्यावं.

दुकान म्हणजे बाजारामागच्या गल्लीतली एक लांबट खोली. रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून आत यायचं. उजव्या हाताला बेतायचं टेबल. ताई उंच आहे, म्हणून टेबलाच्या चारी पायांखाली विटा. मागे दोन मशीन, कोपऱ्यात पडदा, पडद्यामागे आरसा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे आम्ही चौघं राहतो: ताई, मी, ताईची मुलगी आणि तिची मुलगी. ताईची मुलगी म्हणजे माझी भाची हॉस्पिटलात नर्स आहे. तिचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यांची मुलगी चौदा वर्षांची, नववीत. तिला आम्ही छोटी म्हणतो. आता ती माझ्या खांद्याच्या वर गेली आहे, पण नाव तेच राहिलं.

ताई सोळाव्या वर्षी एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात शिकायला लागली. तिथला मास्तर माप घ्यायचा आणि आकडा मोठ्याने ओरडायचा. पलीकडच्या टेबलावर बसलेला कारकून तो लिहून घ्यायचा. छाती अमुक, कंबर तमुक, जणू मंडईत बोली लागली आहे. एकदा एक मुलगी आईबरोबर शाळेचा कोट शिवायला आली होती. मास्तर तिचं माप ओरडला. बाकावर बसलेलं कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळं दुकान हसलं. ताई सांगते, ती मुलगी दोन्ही हात वर करून तशीच उभी राहिली. मापासाठी हात वर करायला सांगितले होते, खाली घे असं कुणी सांगितलंच नाही. तो कोट शिवून तयार झाला आणि वर्षभर दुकानात टांगलेला होता. न्यायला कुणी आलं नाही.

सव्विसाव्या वर्षी ताईने स्वतःचं दुकान काढलं तेव्हा तिने आपली पद्धत बसवली. माप पडद्याआड घ्यायचं. टेपचे आकडे स्वतःकडे वळवायचे. तोंड मिटलेलं ठेवायचं. आणि वहीत लिहिताना घेराचे आकडे पाच इंच कमी लिहायचे. उंची, बाही, खांदा खरे. छाती, कंबर, नितंब पाच कमी. वही टेबलावर उघडी पडलेली असते आणि मुली एकमेकींच्या मापात डोकावतात, हे तिला माहीत होतं. ज्याने डोकावलं त्याला बरंच वाटेल, वाईट वाटणार नाही, असा तिचा हिशेब. बेतताना ती मनात पाच मिळवते. पन्नास वर्षांत एकदाही चुकली नाही. ही गोष्ट तिला आणि मला माहीत होती. भाचीलासुद्धा नाही, कारण तिला सुई-दोऱ्याचा लहानपणापासून कंटाळा.

आता छोटीबद्दल. ती शाळेतून आली की दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर बसून फोन बघायची. एकदा मी चष्मा वर करून डोकावलो. एक मुलगी पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून आपण दिवसभरात काय खाल्लं ते दाखवत होती. अर्धं सफरचंद, बिनदुधाची कॉफी, वाडगाभर पानं.

"आजारी आहे का गं बिचारी?" मी विचारलं.

"आबा, ती आजारी नाहीये. ती फेमस आहे."

"मग बरी कधी होणार?"

छोटी खूप हसली. तेव्हा ती हसायची. मलाही आपण काहीतरी विनोदी बोललो याचं समाधान वाटलं.

काही दिवसांनी ती म्हणाली, "आबा, मला आठ इंच रुंदीचा कागद कापून दे ना. ताठ हवा." बेतण्यासाठी आम्ही खाकी कागद वापरतो, त्यातला एक तुकडा मी पट्टी लावून, खडूने आखून, अगदी काटकोनात कापून दिला. शाळेचं काहीतरी असेल. नंतर पडद्याच्या फटीतून मला दिसलं, ती आरशासमोर उभी राहून तो कागद कमरेपुढे उभा धरत होती. दोन्ही बाजूंनी कंबर दिसते का बघत होती. दिसत होती. कोणाचीही दिसली असती, माझीही दिसली असती. हा कसला खेळ, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

त्याच सुमाराला शाळेच्या कार्यक्रमासाठी नववीच्या मुलींचा नाच बसत होता. छोटी धरून तेरा मुली. कपडे शिवायचं काम ताईकडे आलं. एका दुपारी बाराजणी एकदम आल्या आणि दुकानात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. ताईने एकेकीला पडद्याआड नेऊन माप घेतलं. त्यात छोटीची एक मैत्रीण होती, अंगाने गुबगुबीत आणि सारखी हसणारी. वर्गात तिला उशी म्हणतात. तीसुद्धा स्वतःला उशीच म्हणते. "मास्तरीणआजी, माझ्यासाठी कापड जरा जास्त मागवा हं, नाहीतर नाच अर्ध्यात थांबायचा," असं ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ताई हसली नाही. तिने उशीला आत नेलं आणि बाकीच्यांपेक्षा जास्तच वेळ घेतला.

छोटीचं माप मात्र घेतलं नाही. घरच्या माणसाला ताई टेप लावत नाही. डोळ्याने आणि हाताने तिला सगळं ठाऊक असतं. भाचीचा तेवढा अपवाद, तिच्या हॉस्पिटलच्या गणवेशाचं माप हॉस्पिटलच्या बाकीच्या नर्सेसबरोबर वहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ताई कापड आणायला गेली होती. छोटी टेबलाशी उभी राहून वही वाचत होती. मी सुईत दोरा ओवत होतो. या वयात ते एक मोठं काम असतं. जीभ दाताखाली धरल्याशिवाय जमत नाही.

"आबा, आजीच्या वहीतली मापं बरोबर असतात ना?"

मी मान हलवली. दोरा ओवला गेला, मग म्हणालो, "आजीची वही कधी चुकत नाही."

हे माझं वाक्य. मी फार बोलत नाही, त्यामुळे जे बोललो ते मला पाठ असतं. माझ्या मनात त्या क्षणी काहीही खोटं नव्हतं. त्या वहीवरून पन्नास वर्षं कपडे बेतले गेले आणि अंगाला बसले. मग वही बरोबरच की. पाच मिळवायचे असतात हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की मिळवावे लागतात हे मला आठवलंच नाही.

त्यानंतर जेवायला बसलो की छोटी उकडलेल्या बटाट्याचे बारीक बारीक तुकडे करायची आणि ताटात इकडून तिकडे फिरवायची. सगळे उठायच्या बेताला आले की अर्धं माझ्या ताटात सरकवायची. "आबा, तुला आवडतं ना?" मला आवडतं. मी खायचो. पोरीचा आपल्यावर जीव आहे असं वाटून मला बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं.

मग तिने शाळेचा स्कर्ट आणला. "आबा, हुक जरा आत घे, सैल होतोय." मी एक इंच आत घेतला. तीन आठवड्यांनी पुन्हा अर्धा इंच. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "ताईला दाखव." ती म्हणाली, "एवढ्यासाठी आजीला कशाला?" आणि एवढ्यासाठी आजीला कशाला, हे मलाही पटलं.

एक दिवस सकाळी अकराला शाळेतून दुकानात फोन आला. मी उचलला. पलीकडे बाई बोलत होत्या आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. ताईने कात्री ठेवून फोन माझ्या हातातून ओढून घेतला. छोटी नाचाच्या तालमीत चक्कर येऊन पडली होती.

आम्ही पोचलो तेव्हा ती बाकावर बसली होती. उशी तिला टेकवून धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताने तिला पाणी पाजत होती. आम्हाला बघून उशी म्हणाली, "मास्तरीणआजी, ही रोज अख्खा डबा मला देते. मी नको म्हटलं तरी देते. मी दोनदा घेतला, मग नाही घेतला. मग ती बेसिनमध्ये टाकायला लागली."

"चोमडे," छोटी हळूच म्हणाली.

"असू दे चोमडी," उशी म्हणाली. "पी पाणी."

भाची ड्युटी टाकून आली आणि छोटीला आपल्याच हॉस्पिटलात घेऊन गेली. दोन महिन्यांत सात किलो वजन उतरलं होतं. पाळी थांबली होती, हे भाचीलासुद्धा माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जबरदस्ती करू नका, एकटीला जेवू देऊ नका, शरीरावरून कसलाही शेरा नको, कौतुकाचाही नको. दर गुरुवारी एका समुपदेशक बाईंकडे न्यायचं. नाच बंद.

घरी आल्यावर भाची स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. "रोज चाळीस पेशंटची वजनं घेते मी, मामा. चाळीस! आणि माझ्याच घरात... तुझ्या ताटात रोज हिचं अर्धं जेवण येत होतं, तुला काही वाटलं नाही?"

मला वाटलं होतं. बरं वाटलं होतं. पण ते मी कसं सांगणार?

"त्याला नको बोलूस," ताई म्हणाली. "हे सगळं त्या फोनचं आहे. त्या हाडकुळ्या बाया दिवसभर नाचतात त्यात."

फोनचंच असणार, हे सगळ्यांना पटलं. फोन कपाटात गेला, कपाटाची किल्ली ताईच्या कमरेला. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. छोटीने फोन एकदाही मागितला नाही. आणि ताटात बटाट्याचे तुकडे तसेच फिरत राहिले. आता ती माझ्या ताटात सरकवत नव्हती, एवढाच फरक. चौघंजण बसायचो, आणि तिचा एक घास संपेपर्यंत आमच्या तिघांचं जेवण गार व्हायचं. ज्याने बिघडवलं ते काढून घेतलं, तरी दुरुस्त का होत नाही? मशीनचं असं नसतं. तुटलेली सुई काढून नवी घातली की टाका पडतो. मी खूप विचार केला, पण मला उलगडा झाला नाही.

नाच बंद झाला तरी ताईने छोटीचा ड्रेस शिवायचा सोडला नाही. तेरा म्हणजे तेरा, असं ती म्हणाली. एका संध्याकाळी तिने छोटीला खाली बोलावून तो घालायला लावला. मी नेहमीच्या स्टुलावर उशीच्या ड्रेसला हुक लावत होतो. छोटी पडद्याबाहेर आली. ड्रेस तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

ताईने कमरेशी हात घातला. "चार बोटं जातायत आत. तुझी कंबर मला पाठ आहे गं, आणि माझा हात चुकला?"

"अजून सैल होईल," छोटी म्हणाली.

"कुठवर?"

"एकवीसपर्यंत."

"एकवीस? नववीतल्या पोरीची एकवीस कंबर असते कुठे?"

"सगळ्यांची आहे. तुझ्याच वहीत आहे."

तिने जाऊन वही उचलली, पान काढलं आणि बोट ठेवत वाचायला लागली. त्या दुकानात घेर असे मोठ्याने वाचले जाताना मी प्रथमच ऐकत होतो. "वीस. एकवीस. बावीस. एकवीस. साडेवीस. आणि ही उशी. पंचवीस." तिने बोट तिथेच दाबून धरलं. "उशी पंचवीस आहे आजी, आणि मी सव्वीस होते. टेप लावून बघितलं मी, चारदा. उशीला सगळे उशी म्हणतात. मग माझ्या मागे मला काय म्हणत असतील?"

ताईच्या हातातला खडू टेबलावर पडला.

"फोनवरच्या मुलींचं मला माहीत होतं," छोटी म्हणाली. "त्या पोट आत घेतात, फोटो ताणतात. आमच्या बाईंनी वर्गात दाखवलंय कसं करतात ते. म्हणून मी आधी नव्हतं एवढं मनावर घेतलं. पण ही तुझी वही आहे. आणि मी आबालाही विचारलं होतं. आबा म्हणाला, कधी चुकत नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. हातातला हुक कुठे ठेवावा ते मला कळेना.

मग ताई खिडकीपाशी गेली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. ती काय तोलत होती ते मला समजत होतं. 'पाच मिळव' एवढं म्हटलं, की छोटीला खरं कळणार. पण त्याच शब्दाबरोबर त्या पानावरच्या बाराजणींची खरी मापं उघडी पडणार, उशीचं सगळ्यांत आधी. बाराच कशाला, पन्नास वर्षांच्या सगळ्या वह्या उघड्या पडणार. ज्या मुलींना तिने पडद्याआड न बोलता शब्द दिला होता, त्यांना दिलेला तो शब्द मोडणार. आणि गप्प राहिली तर समोर ही उभी, खुंटीवरच्या ड्रेससारखी.

"मुक्या," तिने न वळता विचारलं, "सांगू का रे?"

पन्नास वर्षांत तिने मला कसला सल्ला विचारलेला नव्हता. मी मान हलवली. मग लक्षात आलं की तिची पाठ आहे, तिला दिसलं नसेल. म्हणून म्हणालो, "सांग."

तिने सांगितलं. त्या मोठ्या दुकानातला मास्तर, हात वर करून उभी राहिलेली मुलगी, टांगलेला कोट, पाच इंच, सगळं. छोटीने ऐकून घेतलं आणि वही मिटली.

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस. डॉक्टरांनी तसं बोलायला सांगितलं असेल."

"अगं, खरं आहे!"

"मग आधी खोटं का लिहिलंस? आणि आधी खोटं लिहिलंस, तर आत्ता खरं बोलतेस कशावरून?"

  मी उशीचा ड्रेस पुढे केला. टेप लाव म्हटलं कमरपट्टीला. छोटी मास्तरिणीची नात. तिने टेपला हातही लावला नाही. "कपडा सैल शिवतातच. आणि ढिला शिवून माझ्यासमोर ठेवायला तुम्हाला काय वेळ लागतो?"

एवढ्यात भाची ड्युटीवरून आली. गणवेशातच होती, हातात पिशवी. तिघांचे चेहरे बघून ती पायरीवरच थांबली. ताईने तिला दोन वाक्यांत सांगितलं. भाचीने पिशवी खाली ठेवली.

"माझं माप आहे ना वहीत? मागच्याच महिन्यात तर घेतलंस, नवीन गणवेशासाठी. काढ पान." तिने हात वर केले आणि छोटीकडे वळली. "आजी नको, आबा नको. तू लाव टेप. तुझ्या हाताने."

छोटी जागची हलेना.

"लाव गं. आठ तास उभी आहे मी, हात वर करून आणखी किती वेळ उभी राहू?"

छोटीने टेप गुंडाळला. "आई, पोट आत घेऊ नकोस."

"नाही घेतलंय."

"घेतलंयस. श्वास सोड."

"सोडला तर टेप पुरायचा नाही, मग?"

"आई!"

भाचीने श्वास सोडला. छोटीने वाकून आकडा बघितला, टेप सरळ केला, पुन्हा बघितला. "चौतीस," ती म्हणाली. मग तिने वहीतलं पान शोधलं. भाचीचं नाव, तारीख, कंबर: एकोणतीस.

 छोटीचे ओठ हलत होते, ती बेरीज करत होती. मग तिने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. दोन महिन्यांत प्रथमच.

"म्हणजे उशी तीस आहे," ती म्हणाली.

भाचीने तिला जवळ घेतलं. ताई मात्र हळूच स्टुलावर बसली. नंतर ती मला म्हणाली, "हेच हसू रे. त्या दुकानात बाकावर बसलेल्यांच्या तोंडावर होतं, तेच. आपली पोर बरी व्हायला लागली म्हणून मला आनंद होत होता आणि तेच हसू बघून अंगावर काटा येत होता. दोन्ही एकदम." ताईचा चेहरा छोटीलाही दिसला असावा. तिचं हसू मावळलं आणि ती म्हणाली, "मी नाही सांगणार कुणाला."

त्या रात्रीच्या जेवणात तिने एक अख्खा बटाटा आणि एक अंडं खाल्लं. आम्ही कोणीही तिच्याकडे बघितलं नाही. भाची छताकडे बघत होती, मी मिठाकडे. मला वाटलं, संपलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धाच बटाटा.

गुरुवारच्या बाईंना भाचीने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वही नसती तर दुसरं काहीतरी मिळालं असतं. बीज आधीच पडलेलं होतं. भाचीला त्याने धीर आला. मला नाही आला. मग वहीचा दोष नाही? का थोडा आहे? थोडा म्हणजे किती? आणि ज्या फोनवर तिने अर्धाच विश्वास ठेवला त्याचा किती, आणि ज्या वहीवर पुरता ठेवला तिचा किती? ताईला विचारलं तर ती म्हणाली, "दोरा ओव."

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात उशी ड्रेस घालून बघायला आली. छोटीही दुकानात होती. उशीने आरशासमोर गिरकी घेतली, हात वर करून बघितले, वाकून बघितलं.

"बसला की मस्त! मास्तरीणआजी, मी इतके दिवस नुसती घाबरले होते."

"का गं?" ताईने विचारलं.

"त्या दिवशी वहीत डोकावले ना मी. तुम्ही पंचवीस लिहिलेलं. म्हटलं झालं, आजींनी घाईत चुकीचं लिहिलं, आता ड्रेस चढायचाच नाही. मी तीस आहे ना."

ताईच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्या तिने काढून हातात घेतल्या. "तुला ठाऊक आहे तुझं माप?"

"म्हणजे काय? घरी टेप आहे आमच्या." उशी पुन्हा आरशाकडे वळली. "सांगणार होते तुम्हाला, पण म्हटलं लहान तोंडी कशाला."

छोटी माझ्या शेजारी बसली होती. तिने खाली बघितलं आणि माझ्या डब्यातल्या बटणांशी खेळत राहिली. तिला काय वाटलं ते मला माहीत नाही. ताईला काय वाटलं तेही नाही. उशी गेल्यावर ताई बराच वेळ त्या दोन टाचण्या तळहातावर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने आकडे लिहिणं सोडलं. खरेही नाहीत आणि कमीही नाहीत. आता ती मापाला पांढरी सुती फीत घेते. कमरेभोवती धरते, जिथे टोक येतं तिथे कापते. छातीची एक, कमरेची एक, नितंबांची एक. तिन्ही फिती टाचणीने वहीच्या पानाला लावते, वर नाव. बेतताना फीतच कापडावर ठेवते. वेळ दुप्पट लागतो, वही फुगून बंद होत नाही. मी म्हटलं, या वयात नवी पद्धत कशाला? ती म्हणाली, "जुनीचं काय झालं ते बघितलंस ना?" ही नवी तरी बरोबर आहे का, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

छोटीला थोडं बरं आहे. तीन किलो भरलं आहे. शाळेतून आली की वहीला फिती टाचायचं काम ती करते. फोन कपाटातून बाहेर आला आहे, पण दुकानात ती तो खिशातच ठेवते.

परवा दुपारी ताई वर जरा आडवी झाली होती. मी काज करत होतो. नजर गेली तर छोटीने वहीतल्या दोन फिती सोडवल्या होत्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यांची टोकं जुळवून बघत होती. मग तिने खिशातून तिसरी काढली. ती कोणाची, ते मला विचारावं लागलं नाही.

पूर्वीचा मी असतो तर मान खाली घालून काज करत राहिलो असतो. या खेपेला सुई कापडात टोचून ठेवली.

"लाव त्या जागच्या जागी," मी म्हणालो. "चल, वर जाऊन खाऊ काहीतरी."

"मला भूक नाही. तू खा."

"मी माझं खाईन. तुझ्यातलं मी आता घेणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मी एवढं बोलतो याचंच तिला नवल वाटलं असेल. मग तिने दोन फिती टाचल्या. तिसरी खिशात घातली. ती मागून घ्यावी की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

वर गेलो. मी पावाचे दोन तुकडे काढले, दोघांच्या बशीत एकेक ठेवला. ती आपल्याचे बारीक बारीक तुकडे करायला लागली. मी माझा खाल्ला, बशी बाजूला सारली आणि हात मांडीवर ठेवून बसलो. दोनदा तिचा हात माझ्या बशीकडे येऊन परत गेला. चहा गार झाला. खाली दुकान उघडं पडलं होतं, कोणीतरी मास्तरीण, मास्तरीण अशी हाक मारत होतं, आणि उठावं की बसावं ते मला समजत नव्हतं.

मी बसून राहिलो. तिच्या बशीत शेवटी दोन तुकडे उरले.